देवीच्या दरबारात कोण कोण असतं?

आज आम्ही देवीबद्दल बोलणार आहोत, पण देवीपेक्षा जास्त तिच्या भोवतीच्या बायकांबद्दल. तिच्या बहिणी, तिच्या सख्या, तिच्या पायऱ्या बांधणाऱ्या, तिच्या नावाने जोगवा मागणाऱ्या. देवीचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. बाकीच्यांची नावं विचारली की आपण अडखळतो.

हा विषय आम्हाला का सुचला, ते आधी सांगतो. गेल्या नवरात्रात अष्टमीला आमच्या बचत गटाने सात सवाष्णी जेवायला बोलावल्या होत्या. पहाटेपासून चौघीजणी स्वयंपाकाला होत्या. डाळ शिजवली, पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, कटाची आमटी केली. त्या चौघींतल्या दोघी विधवा. दुपारी पाट मांडले, रांगोळी काढली, ताटं वाढली, सवाष्णींची ओटी भरली, आणि त्या दोघी चुलीपाशीच राहिल्या. त्यांना कुणी 'येऊ नका' म्हटलं नाही, आणि 'या' असंही कुणी म्हटलं नाही. एका सवाष्णीबरोबर तिची सात-आठ वर्षांची नात आली होती. तिने मोठ्याने विचारलं, "पोळ्या करणाऱ्या आज्या का नाही बसल्या?" पंगतीतून कुणीतरी हळूच उत्तर दिलं, "देवीला चालत नाही, बाळा."

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही बंद केली आणि हा विषय निघालाच. देवीला चालत नाही, हे सांगितलं कुणी? पोथीत आहे का? गडावर लिहिलंय का? एकीलाही सांगता येईना. मग आम्ही ठरवलं, विचारून बघू, वाचून बघू. म्हाताऱ्यांना विचारलं, वाचनालयातून पुस्तकं आणली, गडावर गेलो, एकदा गाडी करून वेरूळही पाहून आलो. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्या गडापासून करू. कळवण तालुक्यातला सप्तशृंगी गड आपल्याला नवा नाही. सात शिखरांच्या मधली म्हणून सप्तशृंगी. कड्याच्या दगडातच कोरलेली सुमारे आठ फुटांची मूर्ती, अठरा हात, प्रत्येक हातात काहीतरी आयुध. तिला अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण लागतात, हे आपल्या आज्या कौतुकाने सांगायच्या. २०२२ साली मूर्तीवरचे वर्षानुवर्षं साठलेले शेंदराचे थर काढले, तेव्हा आतलं मूळ कोरीव काम लोकांना नीट दिसलं. तुम्ही दर्शनाला गेलात तर बघा, देवीची मान थोडी कललेली आहे. समोरच मार्कंड्याचा डोंगर आहे. मार्कंडेय ऋषी तिथे बसून देवीची कथा सांगत होते आणि देवी कान देऊन ऐकते आहे, अशी आपल्याकडची श्रद्धा. आणखी एक गोष्ट बघा. गाभाऱ्यात ती एकटी उभी आहे. शेजारी नवरा नाही. तिला कुणाची बायको म्हणून आपण ओळखत नाही. आपण तिला आई म्हणतो.

मार्कंडेय पुराणातल्या त्या कथेत, म्हणजे देवीमाहात्म्यात, देवी दैत्यांशी लढते तेव्हा मदतीला बायकाच येतात. वेगवेगळ्या देवांच्या अंगातून त्यांच्या शक्ती बाहेर पडतात: ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी. यांच्यात चामुंडा मिळवली की झाल्या सप्तमातृका, म्हणजे सात आया. या देवांच्या बायका म्हणून लढायला येत नाहीत, त्यांची ताकद म्हणून येतात. त्यांच्यापुढे रक्तबीज नावाचा दैत्य असतो. त्याच्या रक्ताचा एक थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा दैत्य उभा राहतो. सगळ्या आया मारत राहतात आणि दैत्य वाढत राहतात. शेवटी चामुंडा पुढे होते आणि त्याचं रक्त जमिनीवर पडायच्या आत पिऊन टाकते. तेव्हा कुठे तो मरतो.

या सात आया आम्ही वेरूळला दगडात पाहिल्या. एकवीस नंबरच्या लेण्यात, ज्याला रामेश्वर म्हणतात, त्या रांगेने बसल्या आहेत. चौदा नंबरच्या लेण्यात तर त्यांच्याजवळ लेकरंही कोरली आहेत. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचं हे काम. चामुंडा मात्र बाकीच्यांसारखी दिसत नाही. हाडांचा सापळा, ओघळलेली छाती, खोल गेलेलं पोट. तिच्याकडे पाहून आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "हिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नसतं गं." आम्ही हसलो, आणि मग गप्प झालो. कारण खरंच होतं ते. कोरणाऱ्याने मात्र तिला त्याच रांगेत बसवलं होतं, बाकीच्या सहा जणींच्या बरोबरीने.

आता वेरूळ सोडून आपापल्या गावाकडे या. विहिरीच्या काठाला, ओढ्याच्या डोहाजवळ, पाटाच्या कडेला सात दगड शेंदूर लावून ठेवलेले तुम्ही पाहिले असतील. त्या साती आसरा. आसरा हा शब्द अप्सरा या शब्दावरून आला, असं अभ्यासक सांगतात. अप्सरा म्हणजे पाण्यातल्या देवता. मावळाकडे अशाच देव्यांना मावलाया म्हणतात, म्हणजे आयाच. त्यांना हिरव्या बांगड्या, खण, लिंबू, दहीभात वाहतात. नवीन विहीर खणली, मोटर बसवली की आधी आसरांचा नारळ फुटतो. बाळंतीण बाई पहिल्यांदा पाण्यावर जाते तेव्हा त्यांना हळदकुंकू वाहते. या सातही बहिणी बहिणीच आहेत. त्यांचे नवरे कोण, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी नावाचे मोठे अभ्यासक होऊन गेले. पुण्याच्या आजूबाजूच्या रानावनातून ते पायी हिंडले आणि असे शेंदरी दगड, त्यांच्या जागा, त्यांच्या गोष्टी त्यांनी टिपून ठेवल्या. १९६२ साली त्यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की, अशा आया सुरुवातीला नवऱ्याशिवायच पुजल्या जात होत्या. जुन्या वाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे त्यांची ठाणी असायची. पुढे लोकांची राहणी बदलली, तेव्हा काही ठिकाणी त्यांची लग्नं म्हसोबासारख्या देवांशी लावली गेली. म्हणजे देवीला नवरा हवाच, ही रीत मागून आलेली आहे.

अशीच आणखी एक आई म्हणजे सटवाई. बाळ पाच दिवसांचं झालं की पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा लावायचा. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. त्या रात्री देवीच्या सर्वात जवळ कोण असायचं? सुईण. नाळ कापणारी तीच, बाळाला न्हाऊ घालणारी तीच, पाचवीची पूजा मांडणारीही तीच. आमच्या भागातल्या कितीतरी सुइणी विधवा होत्या. घरात बाई अडली असताना कुणी सुइणीला "आधी सांग, तू सवाष्ण आहेस का?" असं विचारलेलं आम्हाला एकाही म्हातारीने सांगितलं नाही.

आता दूरच्या देशातली एक गोष्ट सांगतो. दूरची असली तरी तुम्हाला आपलीच वाटेल. युरोपच्या उत्तरेला नॉर्वे, स्वीडन, आइसलँड असे थंड देश आहेत. तिथले लोक ख्रिस्ती होण्याआधी अनेक देव-देवी मानायचे. त्यांच्या गोष्टी आइसलँडमधल्या स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या माणसाने १२२० च्या सुमारास लिहून ठेवल्या. आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली, म्हणजे साधारण तोच काळ धरा. त्यांची मोठी देवी फ्रिग. इंग्रजीत शुक्रवारला जे नाव आहे ते हिच्याच नावावरून पडलं, आणि आपल्याकडेही शुक्रवार देवीचा. आकाशात मृग नक्षत्रात एका रांगेत तीन तारे दिसतात. आपण त्यांना हरणाला लागलेला बाण म्हणतो. स्वीडनमध्ये त्यांना फ्रिगची सूत कातायची काठी म्हणायचे.

या फ्रिगची आठवण निघाली ती तिच्या भोवतीच्या देवींमुळे. स्नोरीने एकेकीचं नाव आणि काम लिहून ठेवलं आहे. फुल्ला ही केस मोकळे सोडणारी कुमारिका. ती फ्रिगची पेटी सांभाळते आणि फ्रिगच्या मनातली गुपितं तिला माहीत असतात. ग्ना घोड्यावरून निरोप घेऊन जाते. तिचा घोडा पाण्यावरून आणि आभाळातून धावतो. फ्रिगला ज्यांना संकटातून वाचवायचं असतं त्यांना ह्लीन सांभाळते. एइर ही वैद्यांमध्ये सर्वात चांगली. सिन दारावर उभी असते आणि ज्याने आत येऊ नये त्याला अडवते. बाई आणि पुरुष एकमेकांना जे वचन देतात ते वार ऐकून ठेवते, आणि मोडणाऱ्याला धडा शिकवते.

आम्ही ही यादी बैठकीत वाचली तेव्हा हसू आवरेना. पेटी सांभाळणारी आमची खजिनदार, निरोप नेणारी आमची सचिव, औषध देणारी आमची आशाताई, आणि ठराव कुणी मोडला ते लक्षात ठेवणारी तर प्रत्येक गटात एक असतेच! पण हसून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. त्या यादीत कोण कुणाची बायको, यापेक्षा कोण काय काम करते, हे मोठं आहे. दरबारात जागा मिळते ती कामावरून.

आपल्याकडे देवीची सेवा करणाऱ्या माणसांची अशी यादी केली तर ती बरीच लांब होते. संबळ वाजवणारे आणि दिवटी घेऊन रात्रभर गाणारे गोंधळी. कवड्यांची माळ घालणारे आराधी. परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या जोगतिणी. अंगावर आसूड ओढणारा मरीआईचा पोतराज आणि त्याच्यासोबत डोक्यावर देव्हारा घेऊन चालणारी त्याची बायको. आपल्या गडावर विजयादशमीला आणि चैत्रोत्सवात सर्वात उंच शिखरावर ध्वज लागतो. तो लावायचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. रात्रीच्या अंधारात, नुसती मान वर करून पाहिलं तरी चक्कर यावी अशा कड्यावर ते चढतात. कोजागरीला नद्यांचं पाणी कावडीतून आणणारे येतात, आणि त्याच रात्री ठिकठिकाणचे तृतीयपंथी गडावर जमतात. एरवी ज्यांना दारात उभं करत नाहीत, ते देवीच्या गडावर पुढे होऊन नाचतात, गातात. देवीच्या दरबारात किती तऱ्हेची माणसं मावतात बघा.

आणि पायऱ्या? आता गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे. पण जुन्या पायऱ्या अजून आहेत आणि नवस बोललेल्या बाया आजही एकेका पायरीला हळदकुंकू लावत चढतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या पायऱ्या बांधून घेतल्या उमाबाई दाभाडे यांनी. त्या आपल्याच कळवण तालुक्यातल्या, अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक. मराठ्यांचे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १७२९ साली खंडेराव गेले. १७३१ साली डभईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव पडला. दोन वर्षांत नवरा गेला, कर्ता मुलगा गेला. पण उमाबाई कोपऱ्यात बसल्या नाहीत. सेनापतिपद धाकट्या मुलाच्या नावे झालं आणि कारभार त्यांनी हातात घेतला. अहमदाबादच्या स्वारीवर त्या स्वतः गेल्या आणि छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना सोन्याचे तोडे देऊन गौरवलं, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. म्हणजे सवाष्णी म्हणून आपण ज्या पायऱ्या चढून ओटी भरायला जातो, त्या बांधून घेणारी बाई आयुष्याची पुढची सगळी वर्षं विधवा होती. देवीने तिच्या पायऱ्या परत केल्या नाहीत.

चांदवडच्या रेणुकामातेचंही तसंच. ते मंदिर नीट बांधून घेतलं अहिल्याबाई होळकरांनी. त्यांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य केलं. देशभर त्यांनी बांधलेली देवळं, घाट आणि विहिरी आहेत, आणि हे सगळं पांढऱ्या लुगड्यात. त्यांच्या हाताने झालेलं देऊळ देवीला चाललं.

पण सयांनो, नुसती गोड बाजू सांगून आम्ही थांबणार नाही. देवाच्या नावाने बायकांवर जे अन्याय झाले, त्यांचीही नोंद याच इतिहासात आहे. केसात जट आली, घरात आजारपण आलं, मूल जगेना, की "देवीला ही मुलगी हवी आहे" असं सांगून लहान पोरी यल्लम्माला सोडल्या गेल्या. जेजुरीच्या खंडोबाला पोरी वाहून त्यांना मुरळी केलं गेलं. देवाशी लग्न लागलं म्हणजे माणसाशी लग्न नाही, घर नाही, वाटणी नाही. पुढे गावातल्या ताकदवान पुरुषांनी त्यांचं काय केलं, ते आपल्याला ठाऊक आहे. अशा पोरी बहुतेक गरीब आणि दलित घरच्याच असायच्या. वाड्यातली लेक कुणी सोडली नाही.

याविरुद्ध बोलणारे आपल्याच मातीत निघाले. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे 'सोमवंशीय मित्र' नावाचं मासिक काढायचे. मुरळी सोडण्याची रीत बंद करा, म्हणून त्यांनी त्यात लिहिलं. ते वाचून १९०९ च्या सुमारास शिवूबाई नावाच्या एका मुरळीने त्या मासिकाला पत्र पाठवलं आणि आपल्यासारख्या बायांची व्यथा स्वतःच्या शब्दांत मांडली. एकशे दहा वर्षांहून जास्त झाली त्याला. देवाच्या नावाने सोडलेल्या बाईने स्वतः बोलायचं ठरवलं, ही आम्हाला या सगळ्या इतिहासातली मोठी घटना वाटते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या रितीविरुद्ध काम केलं. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला. महाराष्ट्राने २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा केला. आज मुलगी देवाला सोडणं, त्यासाठी मदत करणं, त्या विधीत भाग घेणं हासुद्धा गुन्हा आहे.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. "देवीला ही मुलगी हवी आहे." आणि "देवीला ही बाई चालत नाही." एका वाक्याने पोरीला देवीच्या दारात टाकलं, दुसऱ्याने बाईला देवीच्या दारातून उठवलं. दोन्ही वेळा देवीचं नाव घेतलं, पण बोललं माणूस. देवी तर गडावर मान कलती करून ऐकते आहे.

आमच्या बैठकीत हे सगळं वाचून दाखवल्यावर वाद झाला नाही, असं समजू नका. झाला. एक म्हणाली, "पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, काही वाईट झालं तर?" तिच्या भीतीला आम्ही हसलो नाही. ज्या घरात एकदा वाईट घडलंय, त्या घरातली भीती खरी असते. दुसरी म्हणाली, "मला सासूबाई घरात घेणार नाहीत." तेही खरं. मग त्या दोघी पोळ्या करणाऱ्यांपैकी एक बोलली. ती बैठकीत फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "मला पाटावर बसायची हौस नाही. पण कुणी ये म्हटलं असतं, तर मीच नको म्हटलं असतं. तुम्ही मला नको म्हणायलासुद्धा जागा ठेवली नाही."

यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या रिती गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आमच्या गावाची ग्रामसभा कधी तिथवर पोचेल, ते आमच्या हातात नाही. गटाची पंगत मात्र आमच्या हातात आहे.

आम्ही ठराव लिहिला तो असा. या नवरात्रात अष्टमीला गटातर्फे जेवणाला बोलावणं सगळ्या सदस्यांना जाईल. सवाष्ण, विधवा, टाकलेली, बिनलग्नाची असा भेद निमंत्रणात नसेल. जी स्वयंपाक करेल ती पहिल्या पंगतीला बसेल आणि वाढायला दुसऱ्या उठतील. जिला आपल्या घरी जुन्या रितीने सवाष्ण घालायची आहे, तिला गट अडवणार नाही. अठरा जणींपैकी सोळा जणींनी सही-अंगठा केला. दोघींनी नाही केला. त्या दोघी अजून गटात आहेत, हप्ताही वेळेवर भरतात. त्यांचाही पाट आम्ही मांडणार आहोत.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर दहा मिनिटं काढा. आपल्या गावातल्या देवीची सेवा कोण कोण करतं, त्यांची नावं वहीत लिहा. देऊळ झाडणारी, दिवा लावणारी, फुलं आणणारी, पुरण वाटणारी. आडनावासकट लिहा. मग त्यातल्या किती जणींची ओटी गेल्या वर्षी भरली गेली, ते मोजा. आकडा काय आला ते आम्हाला कळवा.